अडतीस किलोंची गाडी

उरकुडाजी माणसाला नमस्कार करत नाहीत. धक्का देतात.

म्हणजे आपला उजवा खांदा समोरच्याच्या खांद्याला लावायचा, एक बेताचा धक्का द्यायचा आणि मान तिरपी करून बघत राहायचं, की हा किती डुलतो. "एक... दोन... बस." दोन झोक्यांत थांबला तर माणूस ठीक. तीन झोके म्हणजे आजारी, नाहीतर प्यालेला, नाहीतर नुकतंच लग्न ठरलेला. चार झोके खाणाऱ्याला ते दंड धरून खाली बसवतात. उभ्या गाड्यांचंही तेच. तुमसरच्या बाजारात धान उतरवायला आलेला ट्रॅक्टर असो की बँकेसमोरची जीप, जाता जाता खांदा लावणार आणि मोजणार. एकदा एका मोठ्या साहेबाच्या गाडीला लावला. साहेब आतच होते. काच खाली करून म्हणाले, "काय करून राहिले बुढेबाबा?" तर हे म्हणाले, "तुमचा मागचा डावा शॉकअप मेला साहेब. आन तुम्ही त्याच अंगाले बसता." साहेब गुपचूप उजवीकडे सरकले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी इकडचा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचा. शाळा आठवीत सुटली, ती काही मोठ्या कारणानं नाही. आजारपणात दोन महिने गेलो नाही, मग जायची लाज वाटायला लागली, आणि लाजेत वर्ष गेलं. वेल्डिंग शिकलो. ठेकेदाराच्या टोळीबरोबर राईस मिलच्या शिड्या आणि पत्रे जोडायला तुमसरला आलो तेव्हा तिशी उलटली होती. काम संपलं, टोळी छत्तीसगडात पुढच्या कामावर गेली आणि मी मागं राहिलो, कारण मला उभं राहवत नव्हतं. ताप होता. तुमसर रोड स्टेशनवर जाऊन गावाकडची गाडी धरावी म्हटलं, पण कुठली गाडी कुठल्या फलाटावर हेही डोक्यात शिरेना. त्यात माझा स्वभाव घाबरट. गॅसची टाकी बंद केली का बघायला अर्ध्या वाटेतून तीनदा माघारी येणारा मी. त्या दिवशी तर आपण इथंच मरणार आणि घरी कळणारही नाही, एवढं मनाशी पक्कं झालं होतं.

तेवढ्यात खांद्याला धक्का.

"एक... दोन... तीन... चार... अबे, हा तं थांबूनच नाई राहिला!"

कोणीतरी दंड धरून मला बाकड्यावर बसवलं. डोळे उघडले तर समोर एक काळा, काटक म्हातारा. खाकी हाफपँट, हातांवर ग्रीसचे डाग.

"कोठचा गा तू?"

"करमाळा."

"हे कोठी आलं?"

"लई लांब आहे काकाजी."

"लई म्हणते! चाल."

त्या "चाल"मागं मी गेलो आणि अजून तिथंच आहे. अकरा दिवस त्यांच्या दुकानामागच्या खोलीत पडून होतो. त्यांनी पेज पाजली, दवाखान्यात नेलं, अंग पुसलं. तू कोण, जात काय, पुढं काय, काही विचारलं नाही. बाराव्या दिवशी धक्का देऊन मोजलं. दोन झोके. म्हणाले, "उठ. वेल्डर हायेस ना? काम हाय."

उरकुडाजींचा धंदा पाट्यांचा. गाडीच्या चाकावर वाकड्या पोलादी पट्ट्यांचे थर असतात. खड्ड्याचा मार गाडीला लागू नये म्हणून ते स्वतः खातात. ते पाटे. तुटलेला पाटा भट्टीत लाल करून, ठोकून, पुन्हा हवा तेवढा बाक देणारा त्यांच्यासारखा माणूस आसपास नाही म्हणतात. पण हे झालं दुकान. घर वेगळंच.

पहिल्यांदा घरात शिरलो तेव्हा मला वाटलं, इथं चोरी झाली आहे. लोखंडी कपाट जमिनीवर पाठ टेकून आडवं पडलेलं. भांडी सगळी जमिनीवर, ओळीनं. देवसुद्धा विटेच्या उंचीच्या पाटावर. गुडघे टेकल्याशिवाय त्यांचं तोंड दिसेना. भिंतींवर फळ्यांचे खिळे तसेच होते, फळ्या नव्हत्या. छताला पंख्याचा हुक होता, पंखा नव्हता. तो जमिनीवर एका कोपऱ्यात, पाती वर करून, उलट्या कासवासारखा पडला होता. विदर्भाचा उन्हाळा, आणि पंखा जमिनीवर!

"काकाजी, हे असं का?"

"बूड जड, डोस्कं हलकं," ते म्हणाले.

हा त्यांचा मंत्र. कोणाचीही परीक्षा त्यावर. शेजाऱ्याचा जावई दुकान टाकून तीन महिन्यांत पळाला, "डोस्कं जड होतं, बूड हलकं. पहिल्याच वळणावर पलटी." पुढारी भाषण करत असला की ते शब्द ऐकत नाहीत. स्टेज किती हलतं ते बघतात. कपाट उघडायचं म्हणजे झाकण उचलल्यासारखं दार वर उचलायचं. एकदा माझ्या हातून सुटलं आणि बोटं चेंगरली. तेव्हाही ते म्हणाले, "उभं असतं तं अंगावर आलं असतं. बोटांवर भागलं म्हण."

समोरचा चहावाला मला एकदा म्हणाला होता, "पहिले असे नव्हते हो उरकुडाजी. दोनेक वर्सापासून चळले." मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ज्यानं मला उचललं त्याच्याबद्दल काही ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

त्याच घरात, जमिनीपासून वीतभर उंचीच्या बाजेवर, भागरथाबाई होत्या. उरकुडाजींची मोठी बहीण. कोंढ्याला दिलेली, तरणेपणीच विधवा झालेली आणि आई गेल्यावर माहेरी परत येऊन या भावाला वाढवलेली. उरकुडाजींनी लग्न केलं नाही. का, ते विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही. बाईंचा खुबा मोडला होता. अंगणात पाय घसरून पडल्या, असं उरकुडाजी सांगत. हाड नीट जुळलं नव्हतं. कूस बदलली तरी कळ मस्तकात जायची. पण जीभ शाबूत होती.

"हा कोण आणला?" मला बघून म्हणाल्या.

"वेल्डर."

"कोठचा?"

"करमाळ्याचा," मी म्हणालो.

"मंग करमाळाच म्हणतो तुले. नाव कायले ध्यानात ठेवाचं, राह्यला तं ठेवीन."

मी राहिलो, पण नाव करमाळाच राहिलं.

आता काम काय होतं ते सांगतो. अक्षय तृतीयेला इकडं अखजी म्हणतात. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाणी भरून देतात. बाईंचा एक मुलगा होता, गणू. तीन वर्षांचा असताना तापानं गेला. कोंढ्याच्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली त्याला पुरलेलं. दर अखजीला बाई तुमसरहून कोंढ्याला जायच्या आणि गडवाभर, म्हणजे तांब्याभर, पाणी त्या मोहाच्या बुडाशी ओतायच्या. चाळीस वर्षं चुकलं नव्हतं. खुबा मोडल्यावर एक अखजी चुकली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत, असं शेजारणीनं मला सांगितलं. रुग्णवाहिकेतून नेऊन पाहिलं, तर भंडाऱ्यापर्यंतही पोचले नाहीत. धक्क्यांनी बाई बेशुद्ध पडल्या. डॉक्टर म्हणाले, आता हलवू नका.

यंदाची अखजी पाच महिन्यांवर होती, आणि उरकुडाजींनी ठरवलं होतं, की बाईला जिच्यात धक्का लागणार नाही अशी गाडी बनवायची.

त्यांची जुनी पिकअप दुकानामागं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली होती. तिच्यावर खोली बांधायची. आत बाज, पाण्याची टाकी, बाईंची भांडी, माझी बसायची जागा. मी अँगल कापले, पत्रा लावला, छप्पर केलं. वेल्डिंग सुरेख झालं होतं, माझं मलाच कौतुक वाटलं. उरकुडाजींनी खांदा लावला.

"एक... दोन... तीन... चार... पाच... सहा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हे गाडी नाई, गाभण म्हैस हाय. तोड."

छप्पर तोडलं. लोखंडाच्या जागी पातळ प्लाय आणि ताडपत्री आली. टाकी वरून काढून खाली चेसीला भिडवली. बाज इतकी खाली घेतली की मला आत रांगत जावं लागे. खोली चेसीला चार कोपऱ्यांतून पिळाच्या सळयांनी आवळली, म्हणजे गाडी एकीकडं आणि खोली दुसरीकडं असं होणार नाही. मग त्यांचा मंत्र त्यांनाच भोवला. बूड जड पाहिजे म्हणून त्यांनी वाळूची सहा पोती मागच्या फळीला लावून ठेवली. मागचा भाग बसला आणि पुढची चाकं रस्ता सोडायला लागली. स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच. आम्ही एका गोठ्यात शिरलो.

गोठ्याचा मालक बाहेर आला. "उरकुडाजी, म्हशीले भेटाले आले काय?"

"वजन मागच्या चाकाच्या मांगं गेलं गा," उरकुडाजी म्हणाले. जणू यानं त्याचं समाधान होणार होतं.

पोती काढून मागच्या चाकाच्या पुढं, जमिनीलगत बसवली. बाजही तिथंच सरकवली. स्टेअरिंग पुन्हा हाताला लागलं.

मग पाट्यांचा प्रश्न. पाटे मऊ तर गाडी डुलते, कडक तर उडते. नेमके किती लावायचे हे वजनावर ठरतं. आणि बाईंचं वजन नेमकं किती ते कोणालाच माहीत नव्हतं. उरकुडाजी ओळखीच्या मिलमधून धानाची पोती मोजायचा काटा घेऊन आले. शेजारचे दोघे धरून आम्ही चौघांनी बाईंना बाजेसकट उचलून त्यावर ठेवलं. बाईंनी डोळे मिटून ओठ दाबले होते. कळ ओसरल्यावर एक डोळा उघडून म्हणाल्या, "उरकुड्या, मले धान समजला काय गा?"

"चूप राह्य. काटा हालते."

"बारदाना वजा केला काय?"

बाजेचं वजन वजा केलं. अडतीस किलो. उरकुडाजी बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिले. "एवढी हलकी झाली," असं काहीतरी पुटपुटले आणि काटा उचलून निघून गेले.

त्यानंतर रोज परीक्षा. बाजेवर अडतीस किलोंचं तांदळाचं पोतं, पोत्याशेजारी काठोकाठ भरलेला पितळी गडवा, गडव्याखाली सुकं फडकं. उरकुडाजी गाडी चालवत आणि मी मागं रांगत बसून गडव्याकडं बघायचो. घरी येऊन फडकं पिळायचं. जेवढं पाणी निघेल तेवढा उरकुडाजींचा चेहरा पडायचा. एक पाटा काढ, एक घाल. शॉकअप बदल. चेसीवर रबराचे ठोकळे लाव. टायरमधली हवा थोडी सोड, पुन्हा भर. दोन्ही चाकांना जोडणारा दांडा घातला, म्हणजे एक चाक उचललं की दुसरं त्याला खाली ओढेल. रस्त्यावरची माणसं वरात निघाल्यासारखी बघायची. "काकाजी, नवरी कोठी हाय?" कोणी विचारलं की म्हणायचे, "पोत्यात हाय." मला हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. वेल्ड तुटला तर? पीळ सैल झाला तर? रात्री उठून मी बॅटरीनं सगळे नट बघून यायचो. एकदा गेलो तर उरकुडाजी आधीच तिथं वाकलेले. आपापले नट बघून परत आलो.

अखजीला चार दिवस राहिले तरी फडकं ओलं होतच होतं. खड्ड्यांवर आता थेंब सांडत नव्हता. पण वळण घेतलं, की वळण संपल्यावर, गाडी सरळ झाल्यावर, मागून कोणीतरी ढकलल्यासारखा एक हिसका यायचा. कुठून, ते कळेना. उरकुडाजींनी सगळे पाटे उतरवून पुन्हा चढवले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. भट्टीपुढं बसून राहिले, भट्टी विझलेली.

बाईंनी मला बोलावलं. "काय झालं त्याले?"

मी सांगितलं. वळण, मग हिसका, मग पाणी.

"टाकीत पाणी किती भरता?"

"अर्धी. पूर्ण भरली तर वजन होतं म्हणतात काकाजी."

बाई हसायला लागल्या. हसताना खुब्यात कळ आली, तरी हसत राहिल्या. "चाळीस वर्स पाटे ठोकले या माणसानं! आरे, अर्धा गुंड पाणी डोस्क्यावर घेऊन कोणी चाललं काय कधी? भरलेला गुंड सांडत नाई, अर्धा डचमळते. आम्ही बोडीवरून पाणी आणत होतो तवा गुंडात पळसाची डहाळी टाकत होतो. पाणी बसून राह्यते मंग. जा, त्याले सांग. मी सांगतलं म्हणून सांग."

मी सांगितलं. उरकुडाजी माझ्याकडं असे बघत राहिले की मला वाटलं आता मार बसतो. मग कोयता घेऊन उठले. आम्ही पळसाच्या पानांनी भरलेल्या डहाळ्या आणून त्या टाकीत, तोंडातून मावतील तेवढ्या, कोंबल्या. वळण घेतलं. हिसका आला नाही. घरी येऊन फडकं पिळलं. कोरडं ठणठणीत. ते फडकं घेऊन उरकुडाजी बाईंच्या बाजेपाशी गेले, तिच्या उशाशी ठेवलं आणि म्हणाले, "टाकीचा दोष होता. पाट्यांचा नव्हता."

"हो गा," बाई म्हणाल्या. "पाट्यांचा नव्हता."

अखजीच्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. मी मागं, बाईंच्या पायाशी. बाईंनी कोरं पातळ नेसलं होतं, आणि गणूचं पाणी तुमसरहूनच न्यायचं म्हणून भरलेला गडवा कुशीत धरला होता. वेग ताशी वीस. सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं आणि मागं वळून बघितलं. भंडारा ओलांडलं, पवनीचा रस्ता धरला. बाईंचा चेहरा मी एकसारखा बघत होतो. भुवया आक्रसतात का, ओठ दाबले जातात का. नाही. त्या ताडपत्रीच्या फटीतून बाहेरची झाडं बघत होत्या.

कोंढा जवळ आलं आणि एका कालव्याच्या वळणावर गाडी थांबली. उरकुडाजी उतरले. चारही चाकांना हात लावत एक फेरी मारली. मग दुसरी.

मी फटीतून वाकून बाहेर बघितलं. "काय तुटलं, बाई?"

"काई नाई तुटलं." बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "जे तुटाचं ते अठीच तुटलं होतं."

मला कळलं नाही.

"तुले काय सांगतलं त्यानं? अंगणात पडली म्हणून?"

"हो."

"साऱ्या तुमसरले तेच सांगते. मी बी तेच सांगतो. आरे, अखजीहून वापस चाललो होतो. हेच गाडी. दिराच्या पोरांनी गाईसाठी तणसाचे भारे देल्ले होते, माणसाच्या दीडपट उंच रचलेले. पुढे उकडत होतं, मी म्हटलं मी वरतं बसतो. तो नको म्हणे. मी आयकलं नाई. अठी वळणावर मुरकली गाडी, आन एका अंगाची चाकं उचलली. पलटी नाई झाली. जशी उचलली तशी बसली बी. गाडीले काईच झालं नाई. मीच खाली."

बाहेर उरकुडाजींची तिसरी फेरी चालली होती. चपलांचा आवाज येत होता.

"चूक कोणाची ते नको पाहू तू," बाई म्हणाल्या. "दोन वर्स झाले. माहं सारं काढते, लेकरासारखं न्हाऊ घालते. पण एक डाव बी त्यानं विचारलं नाई, बाई, लागलं काय म्हणून. भेव वाटते त्याले. मी हो म्हणून सांगन म्हणून." मग डोळे वटारून म्हणाल्या, "आन तू त्याले नको सांगू, मी सांगतलं म्हणून."

मी मान हलवली. आडवं कपाट, खिळे, रिकामा हुक, जमिनीवरचे देव, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

बोडीची पाळ अरुंद होती आणि एका बाजूला पाण्याकडं कललेली. बाईंना उचलून न्यायचं तर मोहापर्यंत दोनशे पावलं, म्हणजे दोनशे कळा. उरकुडाजींनी पाळीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. बाईंच्या दिराची मुलं, आता तीही पन्नाशीची, शेतातून धावत आली.

"मामाजी, कलंडन हो! पाण्यात जाईन गाडी!"

"तुम्ही कायले आले मंग? वरच्या अंगाले लटका. करमाळ्या, तू बी. आज तुम्हीच बूड."

पाच जण गाडीच्या वरच्या बाजूला, फळीवर पाय देऊन, मागं झुकून लटकलो. मी देवाचं नाव घेत होतो. शेजारचा म्हणाला, "भाऊ, डोये उघडा. डोये मिटल्यानं वजन वाढत नाई." गाडी मुंगीच्या पावलानं पाळीवरून सरकली. एकदा खालच्या चाकाखालची माती ढासळली आणि आम्ही पाचही जण एकदम मागं रेललो. गाडी थबकली, बसली, पुढं गेली.

मागचं दार बरोबर मोहाच्या बुडाशी उघडलं. बाईंनी कुशीवर होऊन, आपल्या हातानं, गडवा तिरपा केला. वाटेत थेंबही सांडला नव्हता. सगळं पाणी मातीत गेलं. त्या काहीतरी बोलल्या, ते गणूसाठी होतं, मी ऐकलं नाही. उरकुडाजी पुढच्या सीटवरून उतरले नव्हते. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून, ब्रेकवर पाय ठेवून, समोर बघत बसले होते.

परत येताना त्या वळणावर गाडी पुन्हा थांबली. या वेळी ते मागं आले, दार उघडलं. बाईंकडं बघितलं. तोंड उघडलं.

"पाणी पाह्यजे काय वो?" त्यांनी विचारलं.

"नाई गा," बाई म्हणाल्या. "चाल."

पोळ्याच्या आधी बाई गेल्या, झोपेतच. पाऊस कोसळत होता. लोक म्हणाले, गाडीतूनच नेऊ. उरकुडाजी म्हणाले, "हे गाडी जित्या माणसासाठी बनवली." खांद्यावरून नेलं. त्यांनी एकदाही खांदा बदलून दिला नाही.

नंतर काही महिने त्यांचं धक्का देणं थांबलं. माणसं सवयीनं खांदा पुढं करायची आणि ते बाजूनं निघून जायचे. पिकअप भंडाऱ्याला कामासाठी न्यायची तर ती रिकामी उडायची. प्रत्येक खड्ड्यात मागचा भाग हवेत. पाटे बाईंच्या वजनावर बसवलेले, आणि ते वजन आता नव्हतं. मी म्हणालो, "काकाजी, एक पाटा काढू या." ते म्हणाले, "राहू दे."

परवाच्या अखजीला पहाटे उठलो तर ते अंगणात काटा मांडून बसलेले. काट्यावर तांदळाचं पोतं. ओंजळीनं थोडं घालायचे, थोडं काढायचे.

"मी बसतो की मागं," मी म्हणालो.

"तू बावन्न किलो. गाडी तुह्यासाठी नाई बनवली." काट्याकडं बघत ते म्हणाले, "आन बारदाना वजा कराचा राह्यला. थांब."

पोतं बाजेवर ठेवलं, वरून बाईंची चादर घातली. या वेळी गडवे दोन. टाकीत नवी डहाळी. मला पुढं बसवलं. वेग वीस. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालली.

कालव्याच्या वळणावर ती थांबली. मला वाटलं, आता चाकांची फेरी. पण ते थेट मागं गेले. दार उघडल्याचा आवाज आला. मध्ये फक्त प्लाय होता, मीच बसवलेला, पातळ. चादर सारखी केल्याची सळसळ झाली. मग, लहान पोरानं आईला विचारावं तसा त्यांचा आवाज आला.

"लागलं काय वो बाई?"

बाईंनी मला सांगू नको म्हटलं होतं. मी समोरच्या काचेकडं बघत बसलो.

दार लागलं. कडी एकदा लागली, मग पुन्हा ओढून बघितल्याचा आवाज आला. ते पुढं येऊन बसले. हात कोरडे होते, तरी पँटला पुसत होते.

"काई सांडलं नाई," म्हणाले, आणि पहिला गिअर टाकला.